गाळ्यांतून घडलेले शहर : नाशिकच्या औद्योगिक वसाहतींचा इतिहास

गोदाकाठचे तीर्थक्षेत्र ही नाशिकची ओळख जितकी जुनी, तितकीच कारखान्यांचे शहर ही ओळख नवी आहे. ही नवी ओळख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, आणि तीही मुंबई किंवा सोलापूरप्रमाणे कापडगिरण्यांच्या चिमण्यांभोवती नव्हे, तर सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील आखीव औद्योगिक वसाहतींमधून. औद्योगिक वसाहत म्हणजे रस्ते, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय आधी करून नंतर भूखंड किंवा तयार गाळे उद्योजकांना देण्याची पद्धत होय. 1896 मध्ये मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथे तिचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि स्वातंत्र्योत्तर भारताने लघुउद्योगांच्या वाढीसाठी ती स्वीकारली. अशा वसाहतींत मुख्यतः हलके उद्योग येतात, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे, प्लास्टिकच्या वस्तू, औषधे यांसारखी उत्पादने, ज्यांना पोलाद किंवा सिमेंटच्या कारखान्याइतकी जमीन, कोळसा आणि भांडवल लागत नाही.

नाशिकमध्ये धातुकाम पूर्वीही होते. शहरातील तांबे-पितळेच्या भांड्यांची दखल 1883 च्या जिल्हा गॅझेटियरने घेतली आहे आणि तांबट लेन हे नाव जुन्या गावठाणात आजही टिकून आहे. तथापि पत्रा ठोकून हंडे-घागरी घडवणारा हा कारागिरीचा वारसा आणि नंतरचा अभियांत्रिकी उद्योग यांना एकाच साखळीत ओवणे सयुक्तिक ठरत नाही, कारण तांबटाचे कसब घरात, पिढीजात आणि हाताच्या अंदाजाने चाले, तर लेथवरच्या कामाला रेखाचित्र वाचता येणे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप सांभाळणे आवश्यक होते. नाशिक रोड येथे 1920 च्या दशकात सुरू झालेली सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस यांनी नियमित पगार आणि पाळीचे भोंगे यांची ओळख करून दिली खरी. परंतु हे सरकारी कारखाने आपल्या कुंपणाच्या आत स्वयंपूर्ण होते आणि त्यांच्याभोवती छोट्या उद्योगांचे जाळे विणले गेले नाही.

ते जाळे विणले जाण्यास 1960 नंतरची तीन कारणे एकत्र यावी लागली. पहिले कारण धोरणाचे होते. मुंबई-ठाणे पट्ट्यात उद्योगांची दाटी झाल्याने नव्या महाराष्ट्र राज्याने त्यांचे विकेंद्रीकरण करण्याचे ठरवले, 1961 च्या कायद्यानुसार 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच बोलीभाषेतील ‘एमआयडीसी’, स्थापन केले आणि 1964 पासून या पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती देऊ केल्या. दुसरे कारण पाण्याचे होते. गोदावरीवरील गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झाले आणि शहराच्या पश्चिमेला, त्र्यंबक रस्त्यालगतच्या सातपूर शिवारात वसाहत वसवणे सोयीचे झाले. तिसरे कारण मार्गाचे होते, कारण मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे या दोन्हींमुळे मुंबईचे बंदर आणि बाजारपेठ एका दिवसाच्या टप्प्यात होती, जमिनीचे भाव मात्र मुंबईचे नव्हते.

महामंडळाची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय वसाहतीचे स्वरूप उलगडत नाही. शासन शेतकऱ्यांची जमीन संपादित करते, महामंडळ तिचे सपाटीकरण करून भूखंड पाडते आणि उद्योजकाला तो विकत न देता 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. ठरावीक मुदतीत बांधकाम करून उत्पादन सुरू करणे हे त्याच्यावर बंधनकारक असते. ज्याच्यापाशी जमीन आणि इमारत अशा दोहोंत गुंतवण्याइतके भांडवल नाही, त्याच्यासाठी तयार शेड किंवा गाळा हा पर्याय होता. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात याला आणखी एक जोड मिळाली, ती म्हणजे उद्योजकांनीच सभासद होऊन उभारलेल्या सहकारी वसाहतींची. सातपूरमधील नाशिक इंडस्ट्रियल को-ऑपरेटिव्ह इस्टेट, जिला सर्वजण ‘नाईस’ म्हणतात, आणि मुसळगाव येथील सिन्नर तालुका औद्योगिक सहकारी वसाहत, अर्थात ‘स्टाईस’, ही तिची ठळक उदाहरणे होत.

गाळे उभे राहिले तरी त्यांना काम मिळाले ते मोठ्या कारखान्यांमुळे. सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर मिग विमानांच्या बांधणीचा कारखाना 1964 मध्ये नाशिकजवळच्या ओझरला आला. यशवंतराव चव्हाण त्या काळी संरक्षणमंत्री होते आणि 1963 मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पुढे सातपूरला डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारी मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, आली आणि त्यानंतर मोटारी, टायर व स्विचगिअर बनवणारे कारखाने सातपूर आणि अंबडला स्थिरावले. असा मोठा कारखाना सगळे भाग स्वतः बनवत नाही. तो आराखडा आणि बहुधा कच्चा मालही देतो आणि ठरावीक क्रिया बाहेरून करून घेतो. यालाच ‘जॉबवर्क’ म्हणतात, आणि त्यावर जगणाऱ्या छोट्या कारखान्यांना अनुषंगिक उद्योग अशी संज्ञा आहे.

वसाहतीची उपयुक्तता एखाद्या साध्या पिनेच्या प्रवासातून स्पष्ट होते. पोलादी सळईचे तुकडे एका शेडमध्ये कापले जातात, दुसऱ्या गाळ्यात लेथवर त्यांना आकार मिळतो, तिसरीकडे भट्टीत तापवून आणि तेलात विझवून त्यांना कठीणपणा आणला जातो, चौथ्या ठिकाणी ग्राइंडिंग होते, पाचव्या ठिकाणी जस्ताचा मुलामा चढतो, आणि प्रत्येक टप्प्यावर गेज लावून तपासलेला माल क्रेटमध्ये भरून टेम्पोने मूळ कंपनीच्या फाटकाशी पोहोचतो. हे पाचही टप्पे एका-दोन किलोमीटरच्या आत असल्यामुळेच दोन लेथ आणि चार कामगार एवढ्या बळावर एखाद्याला उद्योग सुरू करता आला. लागणारे कुशल मनुष्यबळ 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील प्रशिक्षणातून आणि त्र्यंबक रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) मिळत गेले. कंपनीत काही वर्षे काढून पुढे स्वतःचा गाळा घेणे हा या व्यवसायातील परिचित मार्ग ठरला.

वसाहती आखताना त्या शहराबाहेर राहतील असे गृहीत धरले होते, पण ते फार काळ टिकले नाही. सातपूरला कामगारांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, अंबड आणि जुने शहर यांच्यामधल्या जमिनीवर शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच ‘सिडको’ने, नवीन नाशिक वसवले, आणि 1982 मध्ये नाशिक, नाशिक रोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि लगतची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कारखाने कायद्यानेही शहराच्या पोटात आले. त्यासोबत जकात आली, मालमोटारींची कोंडी आली आणि विस्तारासाठी भूखंड मिळेनासे झाले. त्यामुळे पुढची वाढ हद्दीबाहेर सिन्नर, गोंदे आणि दिंडोरीच्या दिशेने सरकली. 2013 मध्ये शहरातील जकात संपली तरी ही दिशा बदलली नाही, कारण जागेचा प्रश्न तसाच राहिला. 2001 च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर निफाड तालुक्यात विंचूर येथे वाइनरींसाठी स्वतंत्र उद्यान झाले; वसाहतीचा तोच साचा इथे प्रथमच नाशिकच्या शेतमालाला लागू झाला.

या इतिहासाची नोंद शहराच्या नकाशावरही उमटली आहे. जुन्या नाशिकमधील ठिकाणे देवळांच्या, कुंडांच्या आणि जातिव्यवसायांच्या नावांनी ओळखली जातात. शहराच्या नव्या भागात मात्र रिक्षावाल्याला मायको सर्कल, आयटीआय सिग्नल, गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट किंवा कार्बन नाका असे पत्ते सांगावे लागतात. मायको या कंपनीचे नाव 2008 मध्ये बदलून बॉश झाले, तरी चौक मायकोचाच राहिला. मोठ्या कंपन्यांनी नाशिकला अशी चौकांची नावे दिली. पण ज्यांच्या दोन-चार यंत्रांच्या बळावर त्या कंपन्यांचे उत्पादन चालले, त्या गाळ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा प्लॉटचा एक क्रमांक आला, आणि शहराचा औद्योगिक इतिहास लिहायचा तर त्या क्रमांकांपासूनच सुरुवात करावी लागते.