इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांचे आरोग्य

आपल्या धर्मग्रामांतून उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्या युवक-युवतींसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, मसाले व लोणची बांधून देतो. मात्र परदेशी आजारी पडल्यास काय करावे, हे सांगायचे राहून जाते. मग खर्चाच्या धास्तीने आणि घरचे काळजी करतील म्हणून मुले दुखणे अंगावर काढतात. यातील खर्चाची धास्ती बहुतांशी अनाठायी आहे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

निघण्यापूर्वी

सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी भारतातील अर्जदारास मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. तो भरल्यावर राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) डॉक्टरांची भेट व रुग्णालयातील उपचार यांसाठी सहसा वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. चिठ्ठीवरील औषधांचे ठरावीक शुल्क आणि दातांच्या उपचारांचा खर्च मात्र असतो. म्हणून दातांची दुखणी येथेच बरी करून जावे. नेहमीची औषधे असल्यास डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे आणि त्यात औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत.

पोहोचताच

पहिल्याच आठवड्यात जवळच्या 'जीपी'कडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवावे. नोंदणी विनामूल्य असते. आजारी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरे. पंचवीस वर्षांखालील नव्या विद्यार्थ्यांना मेंदुज्वराची 'मेनएसीडब्ल्यूवाय' लस तेथे मोफत मिळते. ती घेतली नसल्यास अवश्य घ्यावी. तातडीचा नसलेला सल्ला हवा असल्यास १११ आणि जिवावरचा प्रसंग असल्यास ९९९ हा क्रमांक लावावा.

डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या आरंभापर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा तेथील आरोग्य सेवेचा सल्ला आहे. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींनी तर ते वर्षभर घेण्याचा विचार करावा.

ही लक्षणे दिसताच थांबू नये

मेंदुज्वर आरंभी साध्या तापासारखा भासतो. ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, उजेड सहन न होणे, गोंधळल्यासारखे वागणे आणि काचेचा पेला दाबूनही न मावळणारे पुरळ ही त्याची लक्षणे होत. सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. पुरळ येण्याची वाट न पाहता ९९९ ला कळवावे. लस घेतली असली तरीही सावध राहावे, कारण ती मेंदुज्वराच्या सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही. खोलीत एकटे झोपलेल्या आजारी मित्राची अधूनमधून विचारपूस करणे हे प्रीतीचे कार्यच आहे.

मनाचे दुखणे

एकटेपणा, झोप उडणे, वर्गाला जावेसे न वाटणे यांकडे आळस म्हणून पाहू नये. विद्यापीठातील समुपदेशक सहसा विनामूल्य भेटतात. मन अगदीच खचल्यास इंग्लंडमध्ये १११ लावून दुसरा पर्याय निवडावा. अनेक विद्यापीठांत कॅथोलिक चॅप्लिन्सी आहे. तेथे रविवारची मिस्सा असते आणि आपुलकीची माणसेही भेटतात. प्रार्थनेने धीर येतो, परंतु प्रार्थना उपचारांची जागा घेत नाही.

पालकांना आमची विनंती आहे की, फोनवर केवळ गुणांची चौकशी करू नये. "बरं नसेल तर सांग, आम्ही रागावणार नाही," एवढे वाक्य प्रत्येक वेळी आवर्जून म्हणावे. संत पौलाने देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. आपली मुले दूर असली तरी त्या मंदिराची निगा राखण्यास त्यांना साहाय्य करणे, हे आपले सर्वांचे कर्तव्य आहे.