ईश्वरसाक्ष शपथ (शिवाजी पार्क, मुंबई)

मंत्री, आमदार, न्यायाधीश यांनी पदावर बसण्यापूर्वी घ्यावयाच्या शपथेतील ईश्वराचा उल्लेख. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत या शपथांचे नमुने दिलेले असून त्यांत दोन पर्याय आहेत : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोहोंचे कायदेशीर वजन सारखेच. ईश्वर कोणता, हे अनुसूची विचारत नाही. तिसरा पर्यायही देत नाही. महाराष्ट्रात गाजलेले वाद ईश्वरावरून झालेले नाहीत; ते त्याच्या शेजारी माणसांची नावे येऊन बसल्यावरून झाले.

संविधानाच्या प्रास्ताविकेत मात्र ईश्वर नाही. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी ती ईश्वराच्या नावाने सुरू करावी, अशी दुरुस्ती मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी मग देवी का नको, असे विचारले. कामतांची दुरुस्ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. म्हणजे प्रास्ताविकेतून ईश्वर वगळला गेला आणि शपथेत ऐच्छिक म्हणून राहिला.

शपथेऐवजी दृढकथनाची मुभा सहज मिळालेली नाही. नॉर्थॅम्प्टनमधून 1880 साली निवडून आलेले निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये 1886 पर्यंत निर्वेधपणे बसता आले नाही. दृढकथनाची मुभा देणारा कायदा झाला 1888 मध्ये. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1889 मध्ये, हेच ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

महाराष्ट्रातील शपथविधी एरवी मलबार हिलवर राज्यपालांच्या निवासस्थानी होतात. मैदानावरचा गाजलेला सोहळा 14 मार्च 1995 चा : शिवाजी पार्कवर राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी शिवसेनेचे मुख्यमंत्री मनोहर जोशी व उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांना शपथ दिली. जागेची निवड उघडच होती. शिवसेनेचा पहिला मेळावा 30 ऑक्टोबर 1966 रोजी याच मैदानावर भरला होता, आणि मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव 1927 पासून आहे; त्यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला होता.

विधी तसा दोन-तीन मिनिटांचा. राज्यपाल 'मी' एवढाच शब्द उच्चारतात. पुढचा मजकूर शपथ घेणारा समोरच्या कागदावरून वाचतो. एकदा पदाची, एकदा गोपनीयतेची, मग नोंदवहीत सही. स्मरण-वंदनाला जागा सापडते ती या 'मी'च्या आगेमागे. 28 नोव्हेंबर 2019 रोजी शिवाजी पार्कवर ती पुरेपूर वापरली गेली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी शिवाजी महाराजांना वंदन करून व आईवडिलांचे स्मरण करून शपथ घेतली. त्यांच्या सहा मंत्र्यांपैकी अनेकांनी आपापल्या नेत्यांची व महापुरुषांची नावे घेतली. शपथ नमुन्यानुसार झाली नाही, हा तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या देवेंद्र फडणवीस यांचा विधानसभेतील आक्षेप हंगामी अध्यक्ष दिलीप वळसे-पाटील यांनी फेटाळला. महिनाभरात, 30 डिसेंबरला, विधानभवनाच्या आवारात मंत्री के. सी. पाडवी यांनी शपथेला स्वतःची वाक्ये जोडली, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी संतापले आणि त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली.

5 डिसेंबर 2024 रोजी आझाद मैदानावर एकनाथ शिंदे यांनी बाळासाहेब ठाकरे व आपले राजकीय गुरू आनंद दिघे यांची नावे घेऊनच उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. व्यासपीठावर नवे मुख्यमंत्री होते फडणवीसच. आक्षेप तत्त्वाचा किती आणि बाकांचा किती, हे यावरून ताडता येते.

कायद्याच्या दृष्टीने भेद बारीक आहे. आधी वंदन करून मग ईश्वरसाक्ष शपथ घेणे वेगळे आणि ईश्वराच्या जागी माणसाचे नाव घालणे वेगळे. केरळात एका आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावे शपथ घेतली होती. केरळ उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ती अवैध ठरवली आणि त्यांना नव्याने शपथ घ्यावी लागली. शपथ न घेता सभागृहात बसणाऱ्या किंवा मतदान करणाऱ्या आमदाराला अनुच्छेद 193 प्रमाणे दंड आहे : दर दिवशी 500 रुपये.