कैदेतल्या बाळंतिणी आणि जपानचे कागद

1908 साली जपानने तुरुंगांसाठी कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमाचा आशय थोडक्यात असा आहे: नव्याने कैदेत येणाऱ्या बाईने आपले मूल जवळ ठेवू द्या अशी विनंती केली, तर गरज दिसल्यास मूल वर्षाचे होईपर्यंत तशी परवानगी देता येईल, तुरुंगात जन्मलेल्या मुलालाही हाच नियम. गरज कशाला म्हणायची, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. ते ठरवायचे अधिकाऱ्याने.

शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना 2006 सालच्या मे महिन्यापर्यंत हाच कायदा लागू होता. मधल्या 98 वर्षांत जपानने महायुद्ध पाहिले, अणुबॉम्ब सोसले, नवी राज्यघटना स्वीकारली. स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. कैदेतल्या आईचे मूल मात्र होते तिथेच राहिले, तुरुंगाधिकाऱ्याच्या परवानगीच्या आत. या विषयाचे जे कागद शिल्लक आहेत, ते क्रमाने वाचत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सरकारी कागदात सवलत लिहिलेली असते. ती प्रत्यक्षात किती जणींना मिळाली, हे कळायला आतल्या बाईचा कागद बाहेर यावा लागतो, नाहीतर कोणीतरी आकडे मागावे लागतात.

सुरुवात 1871 पासून करू. ओहारा शिगेचिका हा सामुराई घराण्यातला अधिकारी त्या वर्षी इंग्रजांचे तुरुंग पाहायला हाँगकाँग आणि सिंगापूरला गेला. त्याने स्वतः तुरुंगात दिवस काढले होते, त्यामुळे कोठडी म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नव्हते. सिंगापुरात त्या काळी हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी होते. बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातलेही. म्हणजे जपानच्या आधुनिक तुरुंगांचा आराखडा ज्या पाहणीतून निघाला, तिच्यात आपल्याकडची माणसे बेड्या घालून उभी होती. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवावे. ओहाराने परत येऊन 1872 साली नियम आणि नकाशे यांचे एक पुस्तकच सरकारला दिले. त्यात बायकांसाठी वेगळ्या इमारतीची तरतूद होती. पुढच्याच वर्षी, एवढा खर्च परवडणार नाही म्हणून सरकारने त्या नियमांची अंमलबजावणी थांबवली.

आता आतले कागद. फुकुदा हिदेको ही ओकायामाची मुलगी, लोकहक्कांच्या चळवळीतली. 1885 च्या ओसाका कटात ती पकडली गेली आणि 1889 साली राज्यघटना जाहीर झाली तेव्हाच्या माफीत सुटली. 1904 साली तिने आत्मचरित्र छापले. बायकांच्या कोठडीत कोण कोण असते, त्यांच्यावर पहारा करणाऱ्या बाया कशा वागतात, सोबतच्या निरक्षर कैदिणींना लिहा-वाचायला शिकवताना काय अनुभव येतो, हे जपानी वाचकाला तिथे एका बाईच्या हातून वाचायला मिळाले.

कान्नो सुगा या पत्रकार बाईचा कागद तर हाताने चाचपून वाचावा असा आहे. 1910 च्या जून महिन्यात ती राजद्रोहाच्या आरोपाखाली टोकियोत कैदेत होती. तिने एक कोरा पांढरा कागद घेतला आणि शाई न वापरता सुईने टोचून अक्षरे काढली. वरवर पाहिले तर कागद रिकामा. उजेडासमोर धरला की भोकांची अक्षरे दिसतात. पत्र पत्रकार सुगिमुरा सोजिनकान याच्यासाठी होते. सहआरोपी कोतोकु शूसुई याच्यासाठी वकील बघा, त्याला यातले काही माहीत नाही, अशी त्यात विनवणी आहे. स्वतःसाठी तिने वकील मागितलेला नाही. हे पत्र चिबा प्रांतातल्या आबिको गावी सोजिनकानच्या घरातल्या कागदांत सापडल्याचे 2010 साली जाहीर झाले, लिहिल्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी. 18 जानेवारी 1911 रोजी या खटल्यात 24 जणांना फाशीची शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी त्यातल्या 12 जणांची जन्मठेपेत बदलली. 24 तारखेला 11 पुरुषांना आणि 25 तारखेला कान्नोला फाशी दिली. ती 29 वर्षांची होती. त्या शेवटच्या आठवड्यात तिने लिहिलेली रोजनिशी तुरुंगाने ठेवून घेतली. ती छापून लोकांपुढे यायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

तिसरी बाई कानेको फुमिको. 1903 च्या सुमाराला योकोहामात जन्मली. आईबापांनी लग्न नोंदवले नव्हते, म्हणून तिचा जन्मही कुटुंबनोंदीत नव्हता आणि नोंद नाही म्हणून शाळेत रीतसर नाव घालता येईना. पुढे तिला आजोबांची मुलगी म्हणून नोंदवले गेले. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर कोरियन माणसांची कत्तल झाली. त्याच दिवसांत फुमिको आणि तिचा कोरियन जोडीदार पाक योल यांना पोलिसांनी ‘संरक्षणासाठी’ म्हणून उचलले आणि पुढे त्यांच्यावर सम्राटाच्या जिवावर उठल्याचा खटला भरला. इचिगायाच्या तुरुंगात तिने आपल्या आयुष्याची कहाणी लिहून काढली. तिचा खरा प्रश्न होता की मला असे कशाने घडवले. ज्या शासनाच्या वहीत तिचे नाव नव्हते, त्याच शासनाने 25 मार्च 1926 रोजी तिला फाशी सुनावली. दहा-अकरा दिवसांत ती जन्मठेपेत बदलली. तिला तोचिगीच्या स्त्रियांच्या तुरुंगात पाठवले आणि 23 जुलैला ती कोठडीत मृत सापडली. कामाला दिलेल्या तागाच्या दोरीने तिने गळफास घेतला, असे तुरुंगाने सांगितले. सोबती आणि वकील फुसे तात्सुजी यांनी पुरलेला देह उकरून तीच असल्याची खातरजमा केली. तोचिगीतल्या साडेतीन महिन्यांत तिला कसे वागवले, याचा तिच्या हातचा पुरावा बाहेर आलेला नाही. तिची कहाणी 1931 साली छापली गेली, पण ती तुरुंगाच्या दाराशी येऊन थांबते. तोचिगी आजही जपानमधल्या बायकांच्या मोठ्या तुरुंगांपैकी एक आहे.

या तिघी राजकीय कैदी होत्या, शिकलेल्या होत्या, म्हणून त्यांचे कागद उरले. आज जपानच्या तुरुंगांत जाणाऱ्या बायका बहुतांशी दोनच गुन्ह्यांच्या आहेत: चोरी, त्यातही दुकानातून वस्तू उचलणे, आणि उत्तेजक अमली पदार्थ. दहातल्या आठ जणी याच दोन रकान्यांत येतात. नव्याने येणाऱ्यांत पाचातली एक पासष्टीच्या पुढची. कोणी नवऱ्याच्या मारहाणीतून आलेली, कोणी अगदी एकटी. त्यांची आत्मचरित्रे छापली जात नाहीत.

1908 चा कायदा अखेर बदलला तो नागोयाच्या पुरुषांच्या तुरुंगामुळे. 2001 आणि 2002 साली तिथे पहारेकऱ्यांच्या हातून कैदी मेले आणि जखमी झाले. एकावर जोराच्या पाण्याचा मारा केला होता, कातडी पट्ट्याने आवळण्याचे प्रकारही उघडकीला आले. सरकारने सुधारणा परिषद नेमली, तिचा अहवाल डिसेंबर 2003 मध्ये आला, 2005 साली नवा कायदा झाला. त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते: प्रत्येक तुरुंगासाठी बाहेरच्या नागरिकांची पाहणी समिती. कैदी तिला लिहू शकतो आणि ते पत्र अधिकाऱ्यांनी वाचायचे नसते. कान्नोला कागद सुईने टोचावा लागला होता, हे आठवले की या तरतुदीची किंमत कळते.

पण आई आणि मुलाचे काय? नव्या कायद्याचे सहासष्टावे कलम जुन्या बाराव्याचेच भावंड आहे. वर्षाच्या आतले मूल जवळ वाढवायची बाईने विनंती केली आणि तुरुंगाच्या प्रमुखाला योग्य वाटले, तर परवानगी देता येईल; खास गरज असेल तर आणखी सहा महिने. वाढले ते हे सहा महिने. निर्णय जिथे होता तिथेच.

या कलमाचा वापर किती झाला? 2011 ते 2017 या काळात जपानच्या कैदेतल्या बायकांना 184 मुले झाली. त्यांतली तीन आईजवळ तुरुंगात राहू शकली, आणि त्या तिघांतले जास्तीत जास्त राहिले ते 12 दिवस. बाकीच्या मुलांना जन्मानंतर नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जावे लागले. कायद्याने वर्ष दिलेले, मिळाले फार तर बारा दिवस. तेही शंभरात दोघांना. पान्हा आलेला आहे आणि मूल दुसऱ्या गावी आहे, असे दिवस उरलेल्या बायकांनी काढले. हे लिहिताना मन शांत ठेवणे कठीण जाते.

बाळंतपणाची खोली हा त्याहून जवळचा पुरावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 21 डिसेंबर 2010 रोजी स्त्री कैद्यांसाठी 70 नियम मंजूर केले, ते बँकॉक नियम म्हणून ओळखले जातात. चोविसावा नियम सांगतो की कळा सुरू असताना, मूल जन्मताना आणि जन्मल्यानंतर लगेच बाईला बेडी घालायची नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2014 च्या डिसेंबरात तुरुंगांना तशी सूचना पाठवली: प्रसूतीच्या खोलीत हातकडी नको. 2023 साली मंत्रालयानेच कबूल केले की त्या सूचनेनंतरही 2022 पर्यंत सहा बायकांना प्रसूतीच्या खोलीत हातकड्या घातल्या गेल्या. खोलीच्या बाहेर, दवाखान्याच्या वाटेवर, तपासणीला नेताना हातकडी चालतच होती. 2023 च्याच नोव्हेंबरात ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने सुटून आलेल्या बायकांच्या जबान्यांवर आधारलेला अहवाल काढला. हातकड्या, एकांतकोठडी, अपुरे औषधपाणी हे त्यातले विषय. फुमिकोच्या तोचिगीतून जे बाहेर आले नाही, ते आता अशा जबान्यांतून येऊ लागले आहे.

आपल्याकडेही असेच घडले आहे. पत्रकार शीला बारसे यांनी 1982 च्या मे महिन्यात मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 15 कैदी बायकांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी मारहाणीबद्दल सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने तेच याचिका मानले, आणि 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात बायकांसाठी वेगळ्या कोठड्या आणि त्यांवर महिला पोलिसांचा पहारा असावा, असे आदेश दिले. 13 एप्रिल 2006 रोजी, म्हणजे जपानचा नवा कायदा लागू होण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, याच न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात कैदेतल्या आयांच्या मुलांचा विचार केला. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकेल. बाळंतपणासाठी शक्यतो बाईला तात्पुरते बाहेर सोडावे. आणि मूल तुरुंगात जन्मले तर जन्मनोंदीत तुरुंगाचे नाव लिहू नये, फक्त वस्तीचा पत्ता लिहावा. सहा वर्षे तुरुंगाच्या भिंतीत वाढणे मुलाच्या भल्याचे आहे का, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. आपले आदेश कागदावर राहतात हेही खरे. पण नोंदीचा तो आदेश वाचताना मला नोंदीवाचून वाढलेली फुमिको आठवते.

जपानने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2014 पासून तोचिगी, वाकायामा आणि फुमोतो या बायकांच्या तुरुंगांत स्थानिक परिचारिका, सुईणी, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया यांना बोलावून काम सुरू झाले, पुढे ते इतर तुरुंगांतही गेले. बाहेरची सुईण आत येऊन गरोदर बाईशी बोलते, तेव्हा दोन गोष्टी घडतात: बाईला आधार मिळतो आणि आत काय चालले आहे हे जाणणारा एक माणूस संध्याकाळी घरी जातो. 2022 साली दंडसंहिता बदलली आणि 1 जून 2025 पासून सक्तमजुरी आणि साधी कैद हा भेद गेला. आता एकच कैद आहे. काम आणि शिकवणूक माणूस पाहून ठरवायची. 1907 ची संहिता झाल्यापासून शिक्षेच्या प्रकारांत झालेला हा पहिलाच बदल.

या सगळ्या उपायांत जुना, तरी सर्वांत सोपा कागद मात्र कोणी फारसा हातात घेत नाही. 1948 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 482 वे कलम सांगते की बाई 150 किंवा अधिक दिवसांची गरोदर असेल, बाळंत होऊन 60 दिवस झाले नसतील, किंवा तिचे मूल लहान असून त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर सरकारी वकील शिक्षेची अंमलबजावणी थांबवू शकतो. सत्तरी गाठलेल्या कैद्यालाही तेच लागू आहे. यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको, ओहाराच्या वेळी आडवा आला तो खर्चही नको. ज्या 184 मुलांचा हिशेब वर दिला, त्यांच्या आया पोटात मूल घेऊन तुरुंगात होत्या तेव्हाही हे कलम लागू होते.