सव्वा महिना संपल्यावर

आपलं घोडेगाव म्हणजे जनावरांच्या बाजाराचं गाव. म्हैस व्याली की काय काय बघायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वार पडली का, वैरण खाते का, रवंथ करते का, पारडू चाटते का, पान्हा सोडते का. यातलं एक जरी बिनसलं तरी घरातला माणूस रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात दोन फेऱ्या मारतो. आणि घरातली सून बाळंत झाली की? मुलगा की मुलगी, वजन किती भरलं, नाक कुणावर गेलं. तिचं जेवण तुटलंय, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही, ते रडलं तरी ती भिंतीकडं बघत बसते, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याची चौकशी गोठ्याइतकीही होत नाही.

या दुखण्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत. म्हणजे बाळंतिणीच्या मनाची विचारपूस कुणी, कधी आणि कशी सुरू केली, तो इतिहास. त्यात आपला नगर जिल्हाही आहे.

आधी एक फरक सांगतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, चिडचिड होते. ते पुष्कळ जणींना होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप जातं. त्याची काळजी नको. पण उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, कशातच मन लागेना, ‘मी चांगली आई नाही’ हे डोक्यातून जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार आहे. आणि हजारात एक-दोघींना याहून वेगळं होतं. त्यांना भास होतात, त्या असंबद्ध बोलतात, बाळाबद्दल भलत्याच शंका घेतात. तिथं वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपल्या आज्यांकडं याला शब्द होते. बाळंतवात म्हणायच्या, बाहेरचं लागलं म्हणायच्या. ओल्या बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, उशाशी विळा किंवा कोयता ठेवायचा. विळ्याचं जाऊ द्या, पण एकटं सोडायचं नाही हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. वाईट एवढंच, की बाहेरचं लागलं म्हटलं की पुढचा रस्ता देवऋष्याकडं जायचा. बाईला काय वाटतंय हे तिला कुणी विचारायचं नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. पॅरिसच्या लुई व्हिक्टर मार्से या डॉक्टरांनी १८५८ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठं वैद्यकाचं तिकडं नीट लक्ष जाऊ लागलं.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८६३ मध्ये, पुण्यात एक गोष्ट घडली. काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. फसवणारा नामानिराळा राहिला. तिनं मूल जन्मल्यावर मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला नैराश्य होतं असं आम्ही म्हणत नाही, दीडशे वर्षांनी तसं ठरवू नये. पण कोर्टानं एवढंच बघितलं की तिनं काय केलं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी विचारलं, की तिच्यावर ही वेळ का आली? त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं येऊन कुणीही विधवा गुपचूप, सुरक्षित बाळंत होऊ शकत होती. बाळंतपणं आणि नंतरची देखभाल सावित्रीबाईंनी बघितली. तिथंच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. समुपदेशन हा शब्दही तेव्हा नव्हता. पण घाबरलेल्या बाळंतिणीजवळ एक भली बाई बसलेली असणं, याची आपल्याकडची सुरुवात आम्ही तिथून धरतो.

आता पुण्याहून आपल्या रस्त्यावर येऊ. नगरहून संभाजीनगरकडं जाताना घोडेगाव सोडलं की पुढं आपल्याच नेवासा तालुक्यातलं वडाळा लागतं. तिथल्या मिशन दवाखान्यात १९६० च्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे हे तरुण डॉक्टर जोडपं काम करत होतं. बरा करून पाठवलेला पेशंट त्याच दुखण्यानं पुन्हा का येतो, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, त्यांनी काम सुरू केलं. तिथं त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. घरी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या दुसऱ्याच्या घरी बाळंतीण तपासायला जाऊ लागल्या. सोबत महिला मंडळं उभी राहिली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचं काम मनाच्या आजारांसाठी सुरू झालं नव्हतं. तरी आम्ही ते इथं मुद्दाम सांगतो. गावातली बाई शिकू शकते, आणि डॉक्टरला जे सांगवत नाही ते तिला सांगवतं, हे तिथं दिसलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात हीच वाट पुढं नेली. गावातल्या बाईनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातूनच २०११ पासून देशभर आशाताई घरभेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी.

मनाचं काय? १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातून दहा प्रश्नांचा एक कागद आला. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगीच भीती वाटली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे साधे प्रश्न. आज तो जगभर वापरतात. आम्हाला त्यापेक्षा मोलाचा वाटतो तो तिथलाच दोन वर्षांनंतरचा प्रयोग. घरभेटी देणाऱ्या आरोग्यसेविकांना थोडं शिक्षण दिलं. त्या उदास आईकडं आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असं आठ वेळा जायच्या आणि ऐकून घ्यायच्या. तीन महिन्यांनी अशा २६ जणींपैकी १८ बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडं नेहमीचीच भेट झाली, त्या २४ जणींत ९.

हे विलायतेचं झालं, आपल्या बायकांना कुठलं नैराश्य, असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. त्यांना शेजारच्या गोव्यानं उत्तर दिलं. म्हापशाच्या दवाखान्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांना विचारून ठेवलं आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा गाठलं. शंभरात तेवीस जणी आजारी होत्या. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. कारणं वाचताना आम्हाला आपलीच गल्ली दिसली. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी भांडण, मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी. हा अभ्यास २००२ मध्ये छापला. त्याच गोव्यात पुढं साध्या गृहिणींना शिकवून अशा आयांच्या घरी पाठवण्याचा प्रयोग झाला.

पण आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं ते झारखंड-ओडिशाच्या गोष्टीवर. ‘एकजुट’ नावाच्या संस्थेनं तिथल्या आदिवासी गावांत २००५ ते २००८ या काळात महिला गटांच्या दरमहा बैठका घेतल्या. त्यातले बरेच गट आधीपासूनचे बचत गटच होते, आपल्यासारखे. चित्रं दाखवायची, गोष्ट सांगायची, आपल्या गावात बाळ का दगावतं हे बायकांनीच शोधायचं आणि उपायही त्यांनीच ठरवायचा. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले. आयांच्या नैराश्यात पहिली दोन वर्षं काही फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र मध्यम स्वरूपाचं नैराश्य, गट नसलेल्या गावांच्या मानानं, ५७ टक्क्यांनी कमी निघालं. आणि बैठकांचा विषय नैराश्य नव्हताच. बायका एकत्र येत राहिल्या, अडचण आली की कुणाच्या दारात जायचं हे माहीत झालं, एवढंच. त्यालाही तिसरं वर्ष उजाडावं लागलं, हे आपल्यासारख्या उतावळ्यांनी लक्षात ठेवावं.

आता आपल्या गावचं. आपल्याकडं पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. आशाताईच्या सहा भेटी होतात त्या माहेरच्या गावी. सव्वा महिना झाला, दोन-अडीच महिने झाले, की ओटी भरून तिची पाठवणी होते. इथं येते तेव्हा बेचाळीस दिवस उलटलेले असतात. २०१८ पासून बाळासाठी पुढच्या भेटी सुरू झाल्या आहेत, पण त्यातली पहिली तिसऱ्या महिन्यात. म्हणजे माहेरची आई सुटली, तेलपाणी सुटलं, रात्रीचं जागरण एकटीवर आलं, खुरपणी-धारा पुन्हा गळ्यात पडल्या, नेमक्या त्याच आठवड्यांत तिच्याकडं कुणाची ठरलेली फेरी नसते. गोव्यात तेवीस टक्के निघाले ते साधारण याच दिवसांत.

तिची खबर आपल्या गटाला मात्र असते. तिचा हप्ता सासूबाई आणून देतात. म्हणून आम्ही ठरवलं, की सून सासरी परतली की पहिल्या आठवड्यात गटातल्या दोघींनी तिच्याकडं जायचं, आणि पुढं दर आठवड्याला एकीनं. बाळाच्या आधी तिच्याशी बोलायचं. झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात रमतं का. ‘आम्ही नाही का चार काढली’ हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवायचं. उपदेश करायचा नाही. तिनं सांगितलेलं पाराखाली नेलं तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. सासूबाईंना शत्रू समजायचं नाही. त्यांच्याशी वेगळं बोललं तर त्याच म्हणतात, मलाही थोरल्याच्या वेळी असंच झालं होतं गं.

जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली, तर गप्पांवर थांबायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही, घरात विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि तिला दवाखान्यात न्यायचं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर लावायचा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतील अशी औषधं आहेत. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं तर बाळ हिरावून घेतील, या भीतीनं घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलंय, की तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून वेगळं करायचं नाही.

या महिन्यात आपल्याकडं तिघी सासरी परतताहेत. एक वस्तीवरची आहे, तिला दुसरी मुलगी झालीय. तिच्याकडं पहिल्यांदा कोण जाणार, ते येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच ठरवू. ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी जरा आधी यावं.