नर्सीच्या शिंप्याची आडनावं

संत नामदेवांचं आडनाव रेळेकर. दामाशेटी आणि गोणाई यांचा हा मुलगा, कयाधू नदीकाठच्या नर्सीचा शिंपी. कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, ही त्यांची जन्मतिथी मानतात. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हा हिंगोलीकरांपुरता तो प्रश्न कधीच मिटलेला आहे. नांदेडकडे नायगावजवळ आणखी एक नर्सी असल्यानं आमच्या नर्सीला सगळे ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. गावानंच त्यांचं नाव आडनावासारखं लावून घेतलं आहे.

माझे वडील हिंगोलीत शिंपीकाम करायचे. छाती, कंबर, बाही अशी मापं वहीत उतरवून झाली की गिऱ्हाइकाला गाव आणि आडनाव विचारायचेच. त्या वहीत देशमुख, पाटील, जाधव, शिंदे पानोपानी भेटत. नामदास मात्र कधी आला नाही. हे आडनाव पंढरपूरचं, आणि ते नामदेवांच्या वंशजांचं, हे मला वडिलांनीच सांगितलं. ते टिकलं कसं, ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली की मला ती घरचीच वाटते.

नामदेवांची पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना. घरात गंगाखेडची जनाबाई. या घरात बाप, आई, मुलं, सुना, दासी सगळ्यांच्या नावावर अभंग सापडतात. शके १२७२, इसवी सन १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी घरच्या मंडळींसह पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली, असं परंपरा सांगते. तीच आजची नामदेव पायरी. त्या दिवशी लाडाई तिथे नव्हती. दिवस भरत आले म्हणून तिला माहेरी पाठवलं होतं. तिच्या पोटी जे मूल आलं, त्याच्यापासून पुढचा वंश चालला.

लाडाईच्या नावावर नामदेवांच्या गाथेत एक अभंग आहे. आपण एकटीच मागे राहिलो, हे दुःख ती त्यात विठ्ठलाला सांगते. समाधीचं शक, महिना आणि तिथी त्या अभंगात येते. म्हणजे घराण्याचा वंशही तिनं राखला आणि घराण्याचा शेवटचा दिवसही तिच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आला. माझ्या मते नामदास या आडनावाची मूळ पुरुष ही बाईच आहे. तरी कीर्तनात चार मुलांची नावं सहज येतात आणि लाडाईचं नाव आलं तर ओझरतं येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नामदास घराणं आजही आपलं काम सांभाळून आहे. कार्तिकात नामदेवांची पालखी पंढरपूरहून आळंदीला जाते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा नामदेव हजर होते. तो प्रसंग त्यांनी अभंगांतून सांगितला, आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीच्या कीर्तनाचा मान त्यांच्या वंशजांकडे आहे. सोबत्याला निरोप देण्याचं नामदेवांचं काम सातशे वर्षांनंतरही त्यांच्याच घरातला माणूस करतो. असं भाग्य किती आडनावांच्या वाट्याला येतं?

नामदेवांचं नाव रक्ताच्या नात्याबाहेरही पसरलं. मध्य प्रदेशात आणि त्याच्या आसपास शिंपी समाजातली माणसं सरळ ‘नामदेव’ हेच आडनाव लावतात. आपल्याकडे जे बारशाचं नाव, ते तिकडे घराण्याचं. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी नामदेव बरीच वर्षं राहिले. तिथे त्यांचा शिष्य बोहरदास याच्या वंशातले लोक बावा म्हणून ओळखले जातात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, म्हणून पंजाबचे भाविक नर्सीला येतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा कुठे आपल्यातल्या पुष्कळांना हे गाव कळलं.

नाव इतकं मोठं झालं की दुसरेही कवी ‘नामा’ म्हणून लिहू लागले. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा त्यांतला सर्वांत ठळक. त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, आणि त्या वेगळ्या काढायला अभ्यासकांना फार कष्ट पडले.

आषाढी करून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीला येतात. त्यानंतर दोनच दिवसांनी नामदेवांच्या समाधीची ती त्रयोदशी येते. दर्शनाला येणाऱ्यांना आणि गावच्या कीर्तनकारांना माझी एवढीच विनंती आहे : त्या दिवसांत नामदेवांच्या घरातल्या मंडळींची नावं घ्याल, तेव्हा लाडाईचं नाव गाळू नका.