डागणी ते लेसर : जाम नदीकाठच्या वेदनेचा इतिहास

जामसांवलीच्या हनुमंताचे दर्शन घेताना नजर खाली वळवावी लागते, कारण येथे देव उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. मूर्ती मुळात उभी होती, तिच्याखाली धन पुरले आहे या समजुतीने चोर आले, तेव्हा ती आडवी झाली आणि मग कोणाच्याने हलली नाही, अशी लोककथा आहे. मूर्तीच्या नाभीतून झरणारे पाणी तीर्थ म्हणून दिले जाते. या तीर्थासाठी आणि त्या पिंपळाच्या सावलीसाठी पिढ्यान् पिढ्या दुखणेकरी येथे येत आले आहेत. मनाने खचलेले, अर्धांगाने वाकलेले, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेले. कित्येक जण दिवसच्या दिवस मुक्काम करतात. 2023 मध्ये येथे ‘हनुमान लोक’च्या बांधकामाचे भूमिपूजन झाले आणि त्याच वर्षी सौंसर व पांढुर्णा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. नोकरीच्या उमेदवारीच्या वर्षांत सौंसर तहसिलात असताना शनिवारी मी जो जामसांवली पाहिला, तो याहून पुष्कळ शांत होता. परंतु येणाऱ्यांची तक्रार तीच होती : दुखते आहे, आणि थांबत नाही.

भोसल्यांच्या अमलात कमाविसीच्या, हिशेबनिसीच्या किंवा केवळ काळ्या जमिनीच्या ओढीने आपली घराणी सातपुड्याच्या या पायथ्याशी येऊन राहिली, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर घरगुती उपचारही आणले. मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा लेप, सुजलेल्या गुडघ्यावर तेल लावून तापवलेली रुईची पाने, कंबरेला निर्गुडीच्या पाल्याचा शेक, हट्टी दुखण्याला बिब्बा. हाड मोडले तर बांबूच्या कामट्या बांधणारा हाडवैद्य, आणि सर्व उपाय थकले की डागणी. तापलेल्या सळईचा तो गोल वण आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या पोटरीवर किंवा पाठीवर पाहिला असेल.

या डागणीला अडाणीपणा म्हणून हिणवण्याची आता रीत आहे. तिचे मूळ मात्र शास्त्रात आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय सबंध अग्निकर्मावर आहे. कातडीसाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण किंवा शलाका तापवून वापरावी. कोणत्या ऋतूत करावे, कोणाला करू नये. बालक, वृद्ध आणि भित्रा मनुष्य यांना वगळावे, असा सर्व तपशील तेथे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जळण्याच्या चार अवस्था तेथे सांगितल्या आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. म्हणजे नुसते होरपळलेले, वाईट भाजलेले, योग्य भाजलेले आणि अति भाजलेले. उपचार यांतला एकच, तिसरा. आपल्या गावांत येईपर्यंत सळई उरली आणि ही मोजणी गळून पडली, असे माझे मत आहे. ते ठसण्यास कारण पुढे घडले, त्याकडे येतोच.

दुखापतीचा इतिहास लिहिताना पांढुर्ण्याची गोटमार टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा तर दुसऱ्या काठावरून सावरगाव गोटे फेकू लागते. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणल्याची प्रेमकथा तिच्या मुळाशी सांगतात. 1978 आणि 1987 या वर्षी प्रकरण पोलिसांच्या गोळीबारापर्यंत गेले. 2001 मध्ये दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग प्रशासनाने केला. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड हाती घेतले. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. बंदोबस्ताच्या कामावर असताना एका वर्षी माझ्याही उजव्या खांद्याला गोटा लागला. तो कोणत्या काठावरून आला हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, कारण सोयरीक दोन्हीकडे आहे. त्या रात्री शेजारच्या आजींनी रुईची पाने बांधली. सूज उतरली, दुखणे मात्र थंडीच्या दिवसांत तीस वर्षे परत येत राहिले.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपण मध्य प्रदेशात राहिलो. मोठा दवाखाना मात्र आपल्याला नागपूरचाच राहिला. सौंसरचे रुग्ण छोट्या गाडीने, पांढुर्ण्याचे मोठ्या लाईनीने तिकडे जात. ही छोटी गाडी 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या बाकावर प्लॅस्टरातला पाय पसरून बसलेला प्रवासी हे ओळखीचे दृश्य होते. प्लॅस्टर निघाल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे. आखडलेला हात आखडलेलाच राही. हाड सांधणे आणि अवयव पुन्हा कामास लावणे ही दोन निराळी कामे आहेत, हे भारतात पोलिओने शिकवले. मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर 1953 मध्ये के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते या देशातले पहिले. तेथून ही विद्या जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावापर्यंत यायला चार-पाच दशके लागली. आली तेव्हा तिच्याबरोबर विजेचा शेक, अल्ट्रासाउंड आणि शेवटी लेसरचे यंत्र आले.

लेसरचे बीज आइन्स्टाइनच्या 1917 च्या प्रबंधात होते; पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पेटवला. यापुढचा धागा आपल्या जवळचा आहे. 1938 मध्ये बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. त्याचा किरण शरीरातील पाण्यात शोषला जाऊन पेशी क्षणात जाळतो, म्हणून तो शस्त्रवैद्यांच्या हातात सुरीसारखा आला. आपल्या राज्यात इंदूर येथे 1984 मध्ये पायाभरणी झालेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे आजच्या राजा रामण्णा केंद्राने, असे शल्यलेसर देशी बनावटीने तयार केले.

दुखण्यावर जो लेसर देतात तो हा नव्हे. ही गल्लत सुशिक्षित मंडळीही करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. त्याचा जन्म एका फसलेल्या प्रयोगातून झाला. बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एंद्रे मेस्टर 1960 च्या दशकात प्राण्यांतील गाठी लेसरने नष्ट होतात का हे पाहत होते. त्यांचा लेसर अपेक्षेहून दुबळा निघाला आणि गाठींवर काही परिणाम झाला नाही. परंतु जेथे कातडी भादरून किरण टाकला होता, तेथे केस लवकर उगवले. 1967 मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढे न भरणाऱ्या जखमांवर तोच मंद किरण वापरून पाहिला. जाळण्यास असमर्थ ठरलेला प्रकाश भरून काढण्यास उपयोगी पडला. सुश्रुताच्या चार अवस्थांच्याही अलीकडची ही पाचवी म्हणावी का, हा विचार मला अनेकदा मोहात पाडतो.

हा किरण लाल किंवा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असतो. पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीतले एक विकर तो शोषून घेते. त्यामुळे पेशीस अधिक ऊर्जा मिळते, दाह उतरतो आणि वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचे वहन मंदावते, अशी आजची उपपत्ती आहे. मात्रा ज्यूल या एककात मोजतात. कमी पडली तर गुण नाही. जास्त झाली तरी गुण नाही, उलट पेशींचे काम मंदावते. कातडीखाली किती खोल पोचायचे, त्यावर तरंगलांबी ठरते. डोळ्यांवर रंगीत चष्मा हवा आणि कर्करोगाच्या गाठीवर हा किरण टाकू नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2009 मध्ये मानदुखीवरील 16 चाचण्यांचा, एकूण 820 रुग्णांचा आढावा छापला. त्यात जुनाट मानदुखी उपचारानंतर 22 आठवड्यांपर्यंत हलकी राहिल्याचे आढळले. कर्करोगाच्या उपचारात तोंड येते त्यावरही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्याची शिफारस करतात. कंबरदुखीचा पुरावा मात्र दुबळा आहे : अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने 2017 मध्ये त्याला पर्यायांच्या यादीत जागा दिली, पण पुरावा हलक्या प्रतीचा असल्याचा शेराही मारला. मोडलेले हाड तो जागेवर बसवीत नाही, हे तर कोणीही सांगेल. निदान सांगायला हवे.

येथेच ती घटना आली. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू काही वर्षांपूर्वी गोटमारीच्या गर्दीत हातावर पडला. मनगट सुजले. घरच्यांनी आधी लेप लावला, मग कोणी तरी सुचवले म्हणून एका ठिकाणी लेसरच्या दहा बैठका घेतल्या. नाव घेण्यात आता अर्थ नाही. तेथे कोणी क्ष-किरण चित्र मागितले नाही, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिले नाही, आणि यंत्रावर किती ज्यूल लावले हे विचारल्यावर ‘मशीन ऑटोमॅटिक आहे’ एवढेच उत्तर मिळाले. वेदना थोडी उतरली, हे खरे; म्हणूनच सर्वजण निर्धास्त राहिले. दोन महिन्यांनी नागपूरला चित्र काढले तेव्हा मनगटातले स्कॅफॉइड हे होडीच्या आकाराचे लहान हाड मोडलेले निघाले. या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असतो. मोड पहिल्या चित्रात कधी दिसतही नाही, म्हणून संशय असेल तर हात बांधून ठेवून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. मुलाला शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागला. तो त्या वर्षी दहावीत होता आणि हात उजवा.

बंधूंच्या घरी तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, यंत्राच्या नादी लागण्यापेक्षा जामसांवलीला न्यायचे होते. दुसरा म्हणे, नशीब. मला राहून राहून आजोबांच्या पाठीवरचा वण आठवत होता. ज्या श्रद्धेने आपण सळईखाली पाठ दिली, त्याच श्रद्धेने लाल दिव्याखाली मनगट धरले होते. देवळात प्रश्न विचारायचा नसतो हे मी मानतो. दवाखान्यात आपण तो का विचारीत नाही, हे मला कळत नाही.

असे असूनही पुढल्या हिवाळ्यात मी स्वतः खांद्यासाठी लेसर घेतला, नागपुरात. तेथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी जुने आणि नवे चित्र पाहिले, हात सर्व बाजूंनी फिरवून पाहिला, चष्मा दिला आणि प्रत्येक बिंदूस किती ज्यूल द्यायचे ते कार्डावर लिहिले. बैठकीनंतर भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम दिला. किरणापेक्षा गुण त्याचा अधिक असेल, असेही त्याच म्हणाल्या. आठ बैठकांनंतर उजव्या हाताने डोक्यावर पाणी घेता येऊ लागले. थंडीत अजून ठणकते, पण रात्री झोप लागते.

नातू दहावीला लेखनिक घेऊन बसला आणि पास झाला. त्यानंतरच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने त्याच्या चपला कपाटात कुलपात ठेवल्या. तो अनवाणी गच्चीवर गेला आणि संध्याकाळपर्यंत तेथून नदीकडे पाहत होता.