कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे कव्वाल

मामूंच्या इंतकालनंतर त्यांच्या खोलीतली पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. आत दीडशेच्या आसपास कॅसेटी. ऐंशीच्या दशकात मामूंचं जालन्यात छोटं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे, मामू कोरी कॅसेट भरून द्यायचे. दुकान बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तरी त्यांनी ही पेटी कुणाला हलवू दिली नव्हती. मामी एकदा भंगारवाल्याला द्यायला निघाल्या, तेव्हा म्हणाले होते, "फेंको नक्को, इसमें लोगां हैं."

कॅसेटी तीन प्रकारच्या निघाल्या. मोठ्या कंपन्यांच्या, छापील रंगीत कव्हरच्या. लहानसहान कंपन्यांच्या, ज्यांच्या कव्हरवरची शाई बोटाला लागते. आणि तिसऱ्या, ज्यांवर बॉलपेनने फक्त 'संदल' किंवा 'मुकाबला' आणि साल लिहिलंय. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी आज मोबाईलवर सहज ऐकायला मिळतात. उरलेल्या दोन प्रकारांतली माणसं मात्र कुठेच सापडत नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. त्याला पंक नावाच्या विलायती संगीताचं वेड आहे. पेटीचं ऐकून तो म्हणाला, "सर, हे तर आमच्या पंकसारखंच झालं." मी हसलो, पण त्याने सांगितलेली गोष्ट डोक्यातून गेली नाही. १९७७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच एक छोटी रेकॉर्ड काढली, सुरुवातीला १००० प्रती. कोणत्याही कंपनीचा उंबरठा झिजवला नाही. १९८० साली वॉशिंग्टनमध्ये टीन आयडल्स नावाच्या पोरांच्या बँडने कार्यक्रमांतून साठलेल्या ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड छापली. ती बाहेर येईपर्यंत बँड फुटलाही होता. कव्हरं त्यांनी स्वतः कापली, घडी घातली, डिंकाने चिकटवली. तिथूनच 'डिस्कॉर्ड' ही कंपनी उभी राहिली. पुढे तिथले मायनर थ्रेट आणि फुगाझी जगभर गाजले, आणि त्याच कंपनीचे बाकीचे बँड हौशी लोकांच्या आठवणीपुरते उरले. विद्यार्थ्याचा जीव त्या बाकीच्यांतच अडकलाय.

आमच्या बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मला तिथे पडला.

कव्वाली मराठवाड्यात मुंबईच्या सिनेमातून आली असं अनेकांना वाटतं. माझ्या वर्गातल्या मुलांनाही वाटतं. खुलदाबाद आपल्यापासून फार लांब नाही. निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब तिथे दफन आहेत, त्यांचं निधन १३३७ चं. समाची म्हणजे सूफी संगीताची त्यांना इतकी ओढ होती की त्यांच्या मुरीदांच्या झुलण्याची एक वेगळी तऱ्हाच ओळखली जाऊ लागली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर जेमतेम चाळीस वर्षांत याच मुलखात समाच्या मैफिली रंगत होत्या. दर्ग्याच्या ओट्यावरच्या त्या गाण्याला घड्याळ नव्हतं. शेर जमला की तोच दहा वेळा, मध्येच दुसऱ्या शायराचा मिसरा जोडून गिरह लावायची, ऐकणाऱ्याला हाल आला तर तो शांत होईपर्यंत तीच ओळ धरून ठेवायची.

तबकडीने हे सगळं कापलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित झाला, १९०८ मध्ये तिथेच रेकॉर्डचा कारखाना निघाला. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांहून थोडं जास्त मावायचं. तीन मिनिटांत कव्वाल करणार काय? गिरह गेली, दाद गेली, उरलं मुखड्याचं गाणं. काय छापायचं हे ठरवण्याची ताकदही पुढे बराच काळ एकाच मोठ्या कंपनीच्या हातात राहिली. मुंबईत १९३५ साली 'यंग इंडिया' नावाने स्वदेशी तबकड्या निघू लागल्या, वडाळ्याला कारखाना होता. नवख्या आणि हौशी गायकांना तिथे जागा मिळायची. वीसेक वर्षांत तीही कंपनी मिटली.

मुंबईच्या कव्वालांना मोठं केलं ते सिनेमाने. १९५८ च्या 'अल हिलाल'मधून इस्माईल आझाद घराघरांत पोहोचले. १९६० च्या 'बरसात की रात'ने मुकाबल्याची चटक लावली. १९७४ साल तर दोघांचं. 'फाइव्ह रायफल्स'मध्ये अझीझ नाझाँ, मलबारी मुस्लिम घरातला, मुंबईत वाढलेला गायक. आणि 'रोटी कपडा और मकान'मधल्या महागाईच्या कव्वालीत जानी बाबू. त्या गाण्यात लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानी बाबू असे चार आवाज आहेत. वर्गात विचारून पाहा, पहिले तीन सांगितले जातील.

हे निदान नावाने तरी उरले. पण कव्वाली एकट्याची नसते. मागे टाळी धरणारे हमनवा असतात, ढोलकवाला असतो, बेंजोवाला असतो. आपल्याकडे बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग, त्याच्याशिवाय मुंबई-मराठवाड्याची कव्वाली उभीच राहत नाही. कव्हरवर छापलेलं असतं 'अमुक कव्वाल आणि पार्टी'. त्या 'पार्टी' शब्दात पाच-सहा माणसं आयुष्यभर बसून राहिली.

मला जास्त बोलायचंय ते मात्र दुसऱ्याच कव्वालांविषयी, आणि हे आपल्या समाजातल्या वाचकांनी जरा सबुरीने वाचावं. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आगेमागे महाराष्ट्रात बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्या गायन पार्ट्या गावोगाव फिरत होत्या. वामनदादा कर्डकांसारखे कवी लिहीत होते. या गायकांतल्या कितीतरी जणांनी जो बाज उचलला तो कव्वालीचा होता. नागोराव पाटणकर, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, ही नावं आंबेडकरी वस्तीत वाढलेल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. प्रल्हाद शिंदेंना उरलेला महाराष्ट्र विठ्ठलाच्या गाण्यांमुळे ओळखतो. पण तोच गळा मुकाबल्याच्या मंचावर खडी कव्वाली गायचा.

कव्वालीच का, याचं माझ्यापुरतं उत्तर असं. साहित्य कमी लागतं: पेटी, ढोलक, बेंजो आणि टाळी. मुखडा वारंवार येतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही सकाळी तो पाठ असतो. सवाल-जवाबात युक्तिवाद मांडता येतो, आणि ज्या चळवळीला युक्तिवादच करायचा होता तिला याहून सोयीचं काय मिळणार? शिवाय हे गाणं देवळाच्या परवानगीवर अवलंबून नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात, म्हणजे १९७८ चा ठराव झाल्यापासून १९९४ पर्यंत, मराठवाडा किती पेटला होता ते माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. मामूंच्या दुकानात भीमजयंतीच्या आधी जी गर्दी व्हायची ती उरुसाच्या गर्दीएवढीच असायची, असं ते सांगत. एकाच टेपवरून दोन्ही कॅसेटी भरल्या जायच्या.

या गायकांची दोन्हीकडून उपेक्षा झाली असं माझं मत आहे. उर्दूवाले कव्वालीचा इतिहास लिहितात तेव्हा मराठीत गायलेली कव्वाली त्यांच्या खिजगणतीत नसते. मराठीवाले या गाण्यांना 'भीमगीतं' म्हणून एका खणात ठेवतात आणि त्यांचा बाज कुठून आला हे विचारत नाहीत. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून ही चूक मला दुहेरी टोचते.

कॅसेट आली आणि कंपनीची मक्तेदारी तुटली. १९६९ मध्ये पॉलिडोर भारतात आलं तेव्हा पहिली फट पडली, पण खरी पडझड ऐंशीत झाली. आखातातून येणारा प्रत्येक जण टू-इन-वन घेऊन यायचा. १९८३ मध्ये टी-सिरीज निघाली आणि स्वस्त कॅसेटींचा पूर आला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं चांगलं पुस्तक लिहिलं, पण त्याच्या उपशीर्षकातच उत्तर भारत आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला अर्ध्या तासाची एक बाजू. तबकडीने कापलेली गिरह परत आली.

मामू काही संत नव्हते हेही लिहायला हवं. त्यांनी भरलेल्या निम्म्या कॅसेटी चोरीच्याच म्हणायच्या, गाणाऱ्याला त्यातून दमडी मिळाली नाही. लहान कंपन्याही गायकाला एकदाच ठोक रक्कम देऊन मोकळ्या व्हायच्या, असं ते सांगायचे. नव्वदच्या दशकात नागपूरचा अल्ताफ राजा रिक्षा-टपऱ्यांतून देशभर वाजला. त्याची आई रानी रूपलता आणि वडील इब्राहीम इक्बाल, दोघेही कव्वाल. त्याच्या मैफिली थाटातल्या शेरोशायरीचं मूळ त्या घरात आहे. आईचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आमच्या घरात या पेटीवरून वाद झाला, तोही सांगतो. अब्बांना गाणं-बजावणं पसंत नव्हतं, अनेक घरांत नसतं, आणि त्यांच्या श्रद्धेशी मी भांडत नाही. पण एका कॅसेटवर जवळपास बारा मिनिटं एक कव्वाल गातो. आवाज जाड, तालात पक्का, फारसीचा उच्चार कच्चा. तो अंतरा उचलतो आणि खट्! पुढे कुणाचं तरी बयान सुरू होतं. कुणीतरी सवाब म्हणून वरून भरलंय. बयान चांगलं आहे. तसली बयानं हजारो मिळतील. ते बारा मिनिटांपुढचं गाणं आता कुठेही नाही.

जुन्या तबकड्यांना तरी वाली मिळाले. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी याद्या केल्या, लेख लिहिले. हाताने नाव लिहिलेल्या कॅसेटींची यादी कोण करणार? त्यांचा काळ तबकडीहून कमी आहे. टेपला बुरशी धरते, वरचा लेप झडतो, आतला स्पंजचा तुकडा गळून पडतो. स्पंज पडला तर घाबरू नका. स्क्रूची जुनी कॅसेट घ्या, उघडा, आणि टेपची दोन्ही चाकं तिच्यात बसवा. मी आणि तो विद्यार्थी मिळून आतापर्यंत एकतीस कॅसेटी संगणकावर घेतल्या. चार तुटल्या.

एकीवर लिहिलंय 'संदल १९८७'. दुसऱ्या बाजूला मुकाबला आहे, एक पार्टी उर्दूत गाते, दुसरी मराठीत. मराठीवाला हजरत बिलालांवर गातो, उर्दूवाला बाबासाहेबांवर. शेवटी निवेदक बक्षिसं जाहीर करतो. "बेंजोपर जालने के..." इतकं स्पष्ट येतं, पुढच्या नावावर टाळ्या पडतात. मी तो तुकडा कानाला फोन लावून वीसेक वेळा ऐकला, विद्यार्थ्याने टाळ्या कमी करून पाहिल्या. नाव तीन अक्षरी आहे एवढंच कळतं. अंबड, परतूर, भोकरदनकडे त्या काळात बेंजो वाजवणाऱ्या कुणाला कुणी ओळखत असेल, तर त्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना हा तुकडा ऐकवायचा आहे.